शालनचं वजन

जयसिंग थोरवतच्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर पहिलं वलय उमटलं, तेव्हा त्याची बायको शालन कढीला फोडणी देत होती. वलय ओट्याखाली सुरू झालं, फ्रिजपर्यंत पसरत गेलं, भिंतीला लागलं आणि परत फिरलं. फरशी कोरडी होती. बोट लावून पाहिलं तर नेहमीसारखीच टणक आणि गार लागत होती. पण वलय होतं, आणि ते कसलं हे जयसिंगला कुणाला विचारावं लागलं नाही. पाण्यावर तरंगणारं काहीतरी माशाने उचललं की असंच वलय उठतं.

"काय पडलं होतं खाली?" त्याने विचारलं.

"काही नाही. खलबत्ता आहे तिथं."

खलबत्ता जागेवरच होता. शालनने तो उचलायला नेहमीसारखा दोन्ही हातांनी जोर लावला आणि खलबत्ता वर येऊन तिच्या कपाळावर आदळला. आदळल्याचं तिला कळलंही नाही. सासूच्या वेळचा लोखंडी खलबत्ता, पण वाळलेल्या पानाइतकंही वजन त्यात उरलं नव्हतं.

"वजन घेतलं त्यानं," जयसिंग म्हणाला.

"कुणी?"

"माशानं."

शालनने गॅस बारीक केला. "मोठा आहे?"

"वलयावरून तरी अजून लहान वाटतोय."

जयसिंग लष्करात सिग्नल्सला होता. नोकरीची बरीच वर्षं हिमाचलात गेली. तिथे ट्राउट माशांच्या हॅचरीवरच्या एका रखवालदाराने त्याला माश्या बांधायला शिकवलं होतं. या माश्या खोट्या. बारीकसा गळ टेबलावरच्या शिकंज्यात पकडायचा, त्यावर रेशमी दोरा गुंडाळत जायचा, मध्येच कोंबड्याच्या मानेचं पीस, सशाची लव, मोरपिसाचा एखादा तंतू बसवायचा, आणि पाण्यावर उतरलेला किडा वाटेल असं काहीतरी तयार करायचं. चांगली जमलेली माशी तळहातावर ठेवली तर ठेवल्याचं जाणवत नाही. तिला वजन नसल्यामुळे ती फेकताही येत नाही. फेकायची असते ती जाड दोरी. दोरी आपल्या वजनाने हवेतून जाते आणि टोकाची माशी तिच्यामागून निमूट जाते.

निवृत्त होऊन तो कराडला आला. दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. कृष्णेच्या घाटावर कणकेच्या गोळ्या लावून चिलापी पकडणारी माणसं होती. त्यांच्या शेजारी उभा राहून तो ती दोरी डोक्यावरून मागेपुढे फिरवायचा. ते त्याला चाबूकवाले म्हणत. मिळालेला मासा तो परत पाण्यात सोडायचा, त्यामुळे घरी मासा असा कधी आला नव्हता. मोठा महाशीर तर त्याच्या माशीकडे कधी फिरकलाच नव्हता. हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण शिकंज्यापुढे बसला की त्याचा एक पाय सारखा हलत असे.

आता त्याच्याच घरात मासा आला होता.

खालच्या मजल्यावर इब्राहिम मुल्ला राहायचे. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. जयसिंग त्यांच्याकडे गेला. दोघांनी मान वर करून छत पाहिलं.

"इथं काही नाही," मुल्ला सर म्हणाले. "पंखा आहे."

"आमची फरशी म्हणजे तुमचं छत."

"होय की. पण मधे जागा किती असते, थोरवत? वीतभर. वीतभरात काय मावणार?"

त्यांनी स्टुलावर चढून झाडूच्या दांड्याने छत ठोकलं. वर शालनला ते ऐकू आलं. तिने वरून फरशी ठोकून उत्तर दिलं. मधल्या वीतभर जागेत काहीतरी वळलं आणि छतावरची पुट्टी थोडी पडली. मुल्ला सरांनी ती झाडून घेतली.

"आहे," ते म्हणाले.

मासा वाढत गेला. तांदळाच्या डब्याचं वजन गेलं, मग शिलाई मशीनचं. गॅसच्या सिलिंडरचं गेलं तेव्हा पंख्याच्या वाऱ्याने तो हॉलभर गडगडत फिरला. शालनने त्याला दोरीने ओट्याच्या पायाला बांधलं. रोज वलय मोठं होत होतं. ते स्वयंपाकघरातून बोळात आलं, बोळातून हॉलमध्ये. कधीकधी मासा वरच्या अंगाला पोहायचा. पांघरुणाखाली कुणी कूस बदलावी तशा टाइल्स ओळीने उचलल्या जायच्या आणि पुन्हा बसायच्या.

जयसिंगने हॉलमधला सोफा बाजूला केला, रॉड जोडला आणि बाल्कनीच्या दाराशी उभा राहून स्वयंपाकघराकडे दोरी फेकायला लागला. त्याची एक एक माशी फरशीवर अलगद उतरायची. मासा यायचा. माशीखाली टाइल फुगायची, थांबायची. मासा बघायचा आणि निघून जायचा. जयसिंगने काळी माशी बांधली, भुरी बांधली, पंख उभे असलेली आणि पंख आडवे असलेली बांधली. मासा प्रत्येकीला बघून गेला.

"त्यात त्याला खायला काय आहे?" शालन चपात्या लाटता लाटता म्हणाली. "तो वजन खातो. तुम्ही पिसं टाकताय."

ते खरंच होतं. जयसिंगला वाईट वाटलं ते एवढ्याचंच, की हे आपल्याला आधी सुचलं नाही. त्याने गळावर शिशाची तार गुंडाळली आणि वर लव बसवली. या वेळी मासा लगेच आला. वलय उठलं, जयसिंगने रॉड झटकन उचलला, आणि माशी मोकळीच परत आली. शिसं जागेवर होतं. फक्त त्याचं वजन गेलं होतं. मासा गळाला तोंड लावतच नव्हता. मग जयसिंगने कपाटातून आपलं सेवापदक काढलं, कानशीने त्याचा एक तुकडा काढून तो माशीच्या पोटात बांधला. शालन बघत होती. माशाने त्या तुकड्याचंही वजन घेतलं. उरलेल्या पदकाला मासा शिवलाही नव्हता, पण जयसिंगने ते पुन्हा कपाटात ठेवलं तेव्हा त्याच्या हाताला ते आधीपेक्षा हलकं लागलं.

शालनचं वजन गेलं ते दसऱ्यानंतर. ती बोळात उभी राहून मुलीशी फोनवर बोलत होती. मुलगी, केतकी, नागपूरला असते. बोलता बोलता शालनच्या दोन्ही पायांभोवती वलय उठलं, आजवरचं सगळ्यात मोठं, दोन्ही भिंतींना लागून परत आलं.

"हं," शालन म्हणाली, आणि फोनवर म्हणाली, "काही नाही गं. तू सांग."

फोन ठेवून तिने एक पाऊल टाकलं आणि त्या एका पावलात ती हॉलच्या दाराशी पोचली. चौकट धरून उभी राहिली. पदर खाली येईना, तिच्या खांद्याजवळच तरंगत राहिला.

"अहो," ती म्हणाली, "गुडघे गेले."

"कुठं?"

"दुखायचे थांबले."

जयसिंग रॉड खाली ठेवून तिच्याजवळ आला. त्याने तिचा दंड धरला. पीस धरताना बोटं कशी ठेवावी लागतात, तशी त्याला ती ठेवावी लागली.

"मी काढतो परत," तो म्हणाला. "त्याच्या पोटातच असणार. मासा काढला की निघेल."

"मी म्हटलं का काढा म्हणून?"

तिला बरं वाटत होतं. ती माळ्यावरचे डबे स्टूल न घेता काढत होती, कपडे वाळत घालताना टाचा उंचवत नव्हती. सासू अंथरुणाला खिळली होती तेव्हा शालनच तिला उचलायची. केतकीला कडेवर घेऊन रेशनच्या रांगेत तीच उभी राहायची. त्या काळात जयसिंगची पत्रं बर्फातून यायची. हे ती त्याला ऐकवत नव्हती. फक्त एकदा भांडी लावताना म्हणाली, "एवढं होतं माझ्या अंगावर, मला माहीतच नव्हतं."

पण तिला बसता येईना. खुर्चीवर बसली तरी बसल्यासारखं वाटायचं नाही. ती उठायची, बाल्कनीच्या काचेपर्यंत जायची, परत यायची, पडदे सारखे करायची, परत काचेशी जायची. झोपही येईना, कारण झोप यायला अंग जड व्हावं लागतं. जेवली की घटकाभर ती जमिनीवर टेकायची, मग तिच्या पायांशी लहानसं वलय उठायचं आणि जेवणाचंही वजन जायचं. पंखे बंद ठेवावे लागले. खिडक्या लावाव्या लागल्या. ऑक्टोबरचं ऊन काचांतून आत येऊन बसलं, ते संध्याकाळीही बाहेर जाईना.

जयसिंगच्या लक्षात आलं की आता घरात वजन असलेली एकच गोष्ट उरली आहे, आणि ती म्हणजे तो स्वतः. कपाटं, पलंग, पाण्याचं पिंप, सगळं मोकळं झालं होतं. मासा त्याच्या मागे फिरायला लागला. तो हॉलमध्ये गेला की टाइल्स हॉलमध्ये उचलल्या जायच्या, बाथरूममध्ये गेला की उंबरठ्यापर्यंत. एक मात्र त्याने हेरलं. मासा चालतं वजन घेत नव्हता. थांबलेलं घेत होता. म्हणून तोही थांबेनासा झाला. उभ्याने जेवायचा, येरझाऱ्या घालत दाढी करायचा. शिकंजा त्याने गळ्यात अडकवलेल्या पाटाला बसवला आणि चालता चालता माश्या बांधायला लागला. गाठी सैल पडत, पिसं वाकडी बसत. त्या तापलेल्या घरात नवराबायको दिवसभर समोरासमोरून एकमेकांना ओलांडून जात राहिले. झोपायला तो बाहेर जिन्याच्या चौकात जायचा.

"खाली या दोघंही," मुल्ला सर म्हणाले. "एक खोली रिकामी आहे."

शालनने नको म्हटलं. "मला आता खाली नको," ती म्हणाली.

एका सकाळी दाराची बेल वाजली. दारात मुल्ला सर होते. त्यांच्या उजव्या हातात दुधाची पिशवी होती आणि डाव्या हातात शालनचं मनगट. शालन त्यांच्या डोक्याच्या थोडी वर होती.

"जिन्याच्या पोकळीत होत्या," मुल्ला सर म्हणाले. "गच्चीचं दार बंद होतं म्हणून बरं. नाहीतर वर वारा आहे."

"कशाला गेली होतीस?" जयसिंगने विचारलं. तो दारातच पुढेमागे पावलं टाकत होता.

"बघायला," शालन म्हणाली.

मुल्ला सरांनी तिला काळजीपूर्वक चौकटीतून आत घेतलं आणि तिचा हात जयसिंगच्या हातात दिला. जाताना ते जिन्यात थांबले. "थोरवत, तुम्ही एवढ्या गाठी मारता," ते म्हणाले. "एक त्यांनाही मारा."

त्या दुपारी जयसिंगने रिळातली जाड दोरी काढली. शालन कपाटाची कड धरून उभी राहिली. त्याने दोरी तिच्या कमरेभोवती दोनदा घेतली, अंगाला काच बसू नये म्हणून खाली पंच्याची घडी ठेवली. हे सगळं तो तिच्याभोवती चालत करत होता, त्यामुळे दोरी आपोआपच गुंडाळली जात होती. गाठ त्याने ओठांनी ओली केली आणि हळूहळू आवळली. ही गाठ सुटत नाही, हे त्याच्या हातांना माहीत होतं.

"सगळ्यांना अशीच बांधता?" तिने विचारलं.

"नाही. त्यांना आधी शिकंज्यात धरावं लागतं."

"लागतं का त्यांना?"

"पिसं असतात ती, शालन."

तिने गाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुम्ही मासे सोडून देता ना?"

"देतो."

"मग पकडता कशाला?"

जयसिंग तिच्याभोवती अजून एक फेरी फिरला. याचं उत्तर तिला द्यावं असं त्याला फार वाटलं, पण त्याला ते कुणी कधी विचारलं नव्हतं आणि त्यानेही स्वतःला विचारलं नव्हतं. "तेवढा वेळ तो दोरीवर असतो," तो शेवटी म्हणाला. "हाताला कळतं, पलीकडं कुणीतरी आहे."

शालनने मान हलवली. "मला बाहेर जायचंय," ती म्हणाली.

"वारा आहे."

"माहीत आहे. मी सांगितलं ना, बघायला गेले होते. नद्या दोन्ही मिळतात ते वरून कसं दिसतं ते बघायचंय. तुम्ही डोंगर बघितलेत, बर्फ बघितलात. मी या घराचं छत बघितलंय."

ती हे रागाने म्हणाली नाही. जयसिंगला वाटलं, ती रागावली असती तर नाही म्हणता आलं असतं.

"कठड्याला बांधतो दोरी," तो म्हणाला.

"नको. कठड्याला बांधलीत तर मी वाळत घातल्यासारखी होईन. हातात धरा."

त्याने बाल्कनीचं दार उघडलं. कितीतरी दिवसांनी बाहेरची हवा घरात आली आणि पाठोपाठ वजन नसलेली सगळी भांडी स्वयंपाकघरात एकदम किणकिणली. शालनने कठड्यावर पाय ठेवला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, केसांचा अंबाडा चाचपून पाहिला, आणि कठडा सोडला.

वाऱ्याने तिला आधी बाजूला नेलं, मग वर. जयसिंग रॉड उंच धरून बाल्कनीत आणि हॉलमध्ये येरझाऱ्या घालत दोरी सोडत होता. तो आत गेला की ती दोन हात खाली यायची, बाहेर आला की वर जायची. रीळ सावकाश कुरकुरत होतं. शालन समोरच्या गुलमोहराच्या वर गेली. मग पलीकडच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीच्या वर. तिथल्या गच्चीवर गाद्या उन्हात घालणाऱ्या बाईने मान वर केली, डोळ्यांवर हात धरला आणि पुन्हा गाद्या झटकायला लागली.

"थोरवत," खालच्या बाल्कनीतून मुल्ला सरांचा आवाज आला, "वहिनी नदीच्या बाजूला वळल्यात."

"दिसतंय मला."

"तुम्ही हलू नका फार. त्यांना हिसके बसतायत."

ते खरं होतं. त्याच्या प्रत्येक पावलाला वर शालन कमरेत मोडल्यासारखी वाकत होती. तिचे हात पसरलेले होते आणि प्रत्येक हिसक्याला ते दोरीकडे यायचे. ती ओरडून काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही. तिने पुन्हा म्हटलं आणि वारा क्षणभर पडला.

"नीट दिसत नाही हो. हलतंय सगळं."

जयसिंगने मागे पाहिलं. हॉलच्या टोकाला, बोळाच्या तोंडाशी, टाइल्स उचलल्या गेल्या होत्या. इतका मोठा फुगवटा त्याने आजवर पाहिला नव्हता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच पाठ होती. ती त्याच्याकडे हळूहळू येत होती. घाई नव्हती. जयसिंगने आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तसा तो मासा होता, आणि रॉडला माशी नव्हती.

त्याने पुन्हा वर पाहिलं. जाड दोरी संपत आली होती आणि तिच्यामागची बारीक पांढरी दोरी रिळावर दिसायला लागली होती.

तो थांबला.

बाल्कनीच्या दाराच्या चौकटीत, दोन्ही पाय फरशीवर रोवून, तो अजिबात न हलता उभा राहिला. दोरी ताठ आणि स्थिर झाली. वर शालनही स्थिर झाली. तिने एक हात कपाळाशी नेला आणि घाटाच्या पलीकडे, जिथे दोन वेगळ्या रंगांचं पाणी एकमेकांना येऊन लागतं, तिकडे तोंड केलं. बराच वेळ ती तशीच बघत राहिली. जयसिंगच्या हाताला दोरीतून तिचा श्वास कळत होता.

"आता बघा," मुल्ला सर खालून म्हणाले, "कशा छान थांबल्या."

फरशी त्याच्या तळव्यांखाली गोल झाली. तिथे काहीतरी येऊन थांबलं होतं आणि बघत होतं. जयसिंगने रॉड टाकला नाही. खाली पाहिलंही नाही. त्याने उरलेली दोरी मनगटाला दोनदा वेढली.

"शालन," त्याने हाक मारली.

ती वळली. तेवढ्यात त्याच्या पायांभोवती वलय उठलं, भिंतीला लागलं, परत फिरलं. त्याच्या टाचा फरशीवरून सुटल्या, आणि मनगटाची दोरी त्याला बाहेर, तिच्या दिशेने ओढायला लागली.